घाटावरचे सोळा दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तसं मी सगळं सांगत आलो, दफ्तरातल्या कुरबुरी, भावाशी झालेला अबोला, सगळं. ती गेली, आणि हे माझ्याजवळच राहिलं. आता माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, लिहू-वाचू नका काही दिवस. आणि मी नेमका लिहायलाच बसलोय. आत्ताच का? तेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. मध्येच अडखळलो तर थांबा जरा.

मध्यभारत होतं त्या वर्षांतली गोष्ट आहे. संस्थानं विलीन झाली होती, आणि भोपाळ अजून आमच्या नशिबी यायचं होतं. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. हिवाळा आला की अर्धं सरकार फायलींच्या पेट्या घेऊन रेल्वेने ग्वाल्हेरला जायचं आणि आम्ही उरलेले लोक इंदुरात माश्या मारत बसायचो. मी सरकारी दफ्तरात नकाशे काढायचो — ड्राफ्ट्समन. पंचविशीचा होतो, हात चांगला होता, आणि हात चांगला आहे याची घमेंडही होती.

गद्रे सरांनी मला शोधून काढलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे हा हात. दुसरं म्हणजे आमच्या घरातली शिकारखान्याची रजिस्टरं. माझे आजोबा दरबारच्या शिकारखान्यात कारकून होते. कुठल्या तलावावर, कुठल्या तिथीला, कोणते पक्षी किती पडले, ते त्यांनी तीस वर्षं मोडीत लिहून ठेवलेलं. शिकारखाना बंद झाला तेव्हा ती बाडं कुणालाच नको होती, म्हणून आमच्या घरी आली. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. रामबागेत आमच्यापासून चार घरांवर राहायचे. मूळचे पुण्याकडचे, मराठी अगदी स्वच्छ. आमची इंदुरी बोली ऐकून गालात हसायचे.

सरांना एकच वेड होतं — कुरजा. कुरजा म्हणजे करकोच्यातली लहान जात. राखाडी अंग, गळ्यावर काळी पिसं, आणि वरून जाताना असा आवाज, की माणूस हातातलं काम ठेवून वर बघतो. हिवाळ्यात त्या माळव्यात येतात, फाल्गुनात परत जातात. येतात कुठून? जातात कोणत्या वाटेने? तेव्हा आमच्या भागातलं कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. सरांना त्या वाटेचा नकाशा करायचा होता.

त्यांची रीत अशी, की एका साक्षीवर विश्वास ठेवायचा नाही. शिकारखान्याची रजिस्टरं ही एक साक्ष. स्टेशनमास्तरांची कार्डं ही दुसरी. सरांनी रतलामच्या अलीकडच्या-पलीकडच्या कितीतरी स्टेशनांना पत्रं लिहिली होती, कुरजा वरून गेल्या तर दिवस, वेळ आणि दिशा एका कार्डावर कळवा म्हणून. आणि तिसरी साक्ष निरीक्षकांची. म्हणजे ठरलेल्या जागी रोज बसून जे दिसेल ते लिहिणाऱ्यांची. या तिन्हींसाठी ट्रेसिंगच्या कापडाचे तीन वेगळे तुकडे, एकाच मापाचे. दर रविवारी मी ते एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचो, मागून ऊन यायचं, आणि जिथे तिन्हींवरच्या खुणा जुळायच्या तिथे सर म्हणायचे, "घाल शाई." न जुळलेलं सगळं पेन्सिलीत.

मला ते काम मनापासून आवडायचं. हे मुद्दाम सांगतो. मी सरांना फसवायला म्हणून त्यांच्याकडे गेलो नव्हतो.

निरीक्षकांमध्ये सगळ्यात पक्क्या होत्या हातोदच्या इंदूबाई पागे. हातोद इंदूरहून पश्चिमेला. तेव्हा तर लहानसंच गाव, मंडीच्या दिवशी तेवढी गजबज. जवळच यशवंतसागरचं पाणी. बाई तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. वडील दरबारच्या फौजेत जमादार होते, ते वारले, मग आई आणि या अशा दोघीच. तिशीच्या असतील. रोज सकाळी शाळेआधी तलावाच्या पाळीवर जाऊन कुरजा मोजायच्या. दहा पक्ष्यांमागे एक चिंचोका पदराच्या गाठीत. दर सोमवारी सरांना कार्ड यायचं: "चौदा चिंचोके व वर सहा. दोन थवे पश्चिमेच्या अंगाने उतरले. तिसरा कोठून आला ते नक्की नाही." हे "नक्की नाही" त्यांच्या जवळपास प्रत्येक कार्डावर असे. दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं तर तसं लिहायचं.

सर ती कार्डं मला वाचून दाखवायचे. "वसंता," म्हणायचे, "ही बाई शास्त्रज्ञ आहे बघ. हिला कुणी सांगितलेलं नाही एवढंच."

आता प्रश्न एकच उरला होता. परतीच्या वेळी कुरजा विंध्याचा घाट चढून येतात का? सरांचा अंदाज होता की निमाडातल्या, नर्मदेकाठच्या कुरजा फाल्गुनात मानपूरच्या घाटावरून वर येत असाव्यात, मग इंदूर-हातोदवरून वायव्येला जात असाव्यात. अंदाजच होता. रजिस्टरांत मानपूरकडे पडलेल्या कुरजा होत्या, पण त्या कुठल्या दिशेने चालल्या होत्या ते शिकारखान्याच्या कारकुनाने कशाला लिहावं? तेव्हा तिथे कुणीतरी बसायला हवं होतं. सरांना कॉलेजातून रजा मिळेना. मला सहज मिळाली, अर्धं दफ्तर ग्वाल्हेरलाच होतं.

सोळा दिवस. सकाळी सूर्य वर आल्यापासून जेवणवेळेपर्यंत, पुन्हा दुपार कलल्यावर अंधार पडेपर्यंत. घाटाच्या तोंडाशी बसायचं आणि वहीत लिहायचं.

मी चार दिवस बसलो.

हे चार दिवस खरे आहेत. रस्त्यापासून थोडं वर एक सपाट खडक होता, तिथून खाली निमाड दिसायचं, धुरकट, ऊन तापेल तसं पांढरं पडत जाणारं. घारी दिसल्या, पोपट दिसले, ट्रकवाले खालून हात करायचे. कुरजा एकही नाही. चार दिवस मी प्रामाणिकपणे "काही नाही" असं लिहिलं. पाचव्या दिवशी मी बस पकडून महूला मावशीकडे गेलो. आंघोळ करून, जेवून संध्याकाळी परत यायचं, असं ठरवून.

महूला मावसभाऊ गोपाळ आणि त्याची मंडळी नाटक बसवत होते. त्यांचा दिवाणजी आजारी पडला होता. दिवाणजीला उणीपुरी अकरा वाक्यं. गोपाळ म्हणाला, "अरे भिया, तू कर ना! तेरे वो पक्षी कुठे पळून चाललेत? उद्या बघ." मी केलं. तालीम रोज दुपारी चारला. सगळे म्हणायला लागले, वसंताचा आवाज काय खणखणीत! मावशी सकाळी उठवायची नाही, दमला असेल पोरगा म्हणून. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मानपूरची बस समोरून गेली आणि मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो. एवढंच कारण. अकरा वाक्यं. याहून मोठं काही असतं तर सांगितलं असतं. नाही.

पण वही तर भरायला हवी होती. बारा दिवसांची.

रोज "काही नाही" लिहिलं असतं तरी चाललं असतं, नाही का? खोटंच, पण बिनविषारी. मला ते जमलं नाही. सोळा दिवस कोरे घेऊन सरांसमोर जायचं, या विचाराने मलाच ओशाळं वाटलं. त्यांचा अंदाज त्यांना किती प्यारा आहे ते मला माहीत होतं. आणि आजोबांची रजिस्टरं मला तोंडपाठ होती. कोणत्या आठवड्यात मानपूरकडे किती पक्षी पडत, थवे केवढे असत, ढग असले की आकडा कसा खाली येतो, सगळं. मावशीच्या पडवीत बसून, पेन्सिलीला नीट टोक काढून मी लिहिलं: सात थवे. खालून वर, उत्तरेला. मध्ये पाच-सहा दिवस रिकामे ठेवले, खरं वाटावं म्हणून. एके ठिकाणी तर "धुके, मोजणी अर्धवट" असंही लिहिलं.

माझ्या वहीत "नक्की नाही" मात्र कुठेच नव्हतं. ते सुचायला हवं होतं, सुचलं नाही.

सरांनी वही वाचली आणि रजिस्टरांच्या कापडावर माझं कापड ठेवून ते खिडकीशी उभे राहिले. सगळं जुळत होतं. जुळणारच! मी ते तिथूनच उचललं होतं. सरांचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वसंता, लेका, तू काय केलंयस ते तुला कळतंय का?"

मला कळत होतं.

मग सोमवारी इंदूबाईंचं कार्ड आलं. त्याच पंधरवड्याचं. हातोदच्या कुरजा तलावावरच आहेत, दक्षिणेकडून एकही नवा थवा आलेला नाही. आणि पुढच्या सोमवारी: आज साडेनऊच्या सुमारास सगळ्या एकदम उठल्या, चकरा मारत खूप उंच गेल्या, आणि पश्चिमेला निघून गेल्या. या कार्डावर "नक्की नाही" नव्हतं. पश्चिमेला, याखाली त्यांनी एक रेघ ओढली होती. दोन दिवसांनी रतलामच्या पलीकडच्या मेघनगरहून स्टेशनमास्तरांचं कार्ड आलं. तोच दिवस, दुपारी कुरजांचा मोठा थवा पूर्वेकडून पश्चिमेकडे.

सर गोंधळले. घाट चढून कुरजा उत्तरेला जात असतील तर हातोदला त्यांची चाहूलही कशी लागत नाही? आणि हातोदच्या कुरजा पश्चिमेला कशाला जातील? नकाशा महिन्याभरात मुंबईच्या एका सभेत मांडायचा होता. त्यांनी इंदूबाईंना रविवारी घरी बोलावलं.

त्या बसने आल्या. निळसर सुती पातळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत त्यांच्या सगळ्या कार्डांच्या नकला. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. सरांच्या पत्नींनी चहा आणून ठेवला. बाईंनी कपाला हात लावला नाही. सर फार सभ्य माणूस, त्यांनी आधी त्यांच्या कामाची तारीफ केली आणि मग विचारलं, "बाई, दिशा तुम्ही कशी ठरवता?"

"सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभी राहते, सर. समोर शाळेचं कौलारू छप्पर येतं. त्या छपरावरून गेल्या."

"चूक होण्याचा संभव?"

"असतो ना. म्हणून तर लिहिते मी, नक्की नाही म्हणून. त्या दिवशी नाही लिहिलं."

सरांनी घाटाचं कापड पुढे ओढलं. मग म्हणाले, "असं आहे, की घाटावर आपला माणूस सोळा दिवस बसला होता. त्याच्या नोंदी जुन्या रजिस्टरांशी तंतोतंत जुळतात. तुमच्या बाजूने मेघनगरचं एक कार्ड तेवढं आहे."

तेव्हा बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. शाळेतली बाई मुलीला हिशोब पुन्हा विचारते तसं.

"तुम्ही स्वतः पाहिल्यात, वसंतराव? उत्तरेला जाताना?"

"हो," मी म्हणालो. "स्वतः पाहिल्या."

खाली रस्त्यावरून कुणीतरी भाजी ओरडत गेलं. ते नेमकं आठवतं, पालक, मेथी. बाईंनी मान हलवली. आणि म्हणाल्या, "मग माझंच चुकलं असेल. तुम्ही सोळा दिवस बसलात, मी सकाळचा एक तास उभी असते. माफ करा सर, तुमचं काम खोळंबलं." कार्डांच्या नकला पुन्हा पिशवीत ठेवल्या. चहा तसाच राहिला.

ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पुसता येत नाही, ती ब्लेडने खरवडावी लागते. हलक्या हाताने, कापड न फाटू देता. दोन कार्डं जुळली तेव्हा सरांनी शाईत घालायला लावलेला, हातोदहून पश्चिमेला जाणारा बाण मी खरवडला. त्याखाली बारीक अक्षरात निरीक्षकांची नावं होती, त्यातलं त्यांचं नावही खरवडलं. सर म्हणाले होते, नोंद घेतलेली नाही तर नाव कसं ठेवायचं? मग त्या जागेवर नख घासून कापड गुळगुळीत केलं आणि घाटावरून उत्तरेला जाणारा ठळक बाण काढला. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ब्लूप्रिंट काढायचं यंत्र होतं, तिथे स्वतः उभं राहून प्रती काढून आणल्या. मुंबईहून सर फार आनंदात परतले.

तुम्हाला वाटलं असेल, कबुली द्यायची ती हीच. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटायचं, की इथेच गोष्ट संपवावी. ही तरुण माणसाची आळशी चूक आहे, तोंडून खोटं निघून गेलं, मग ते सावरत बसलो. लोक अशा चुकीला समजून घेतात. पण मला सांगायचं आहे ते पुढचं आहे.

त्या उन्हाळ्यात इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हवी होती. तिथल्या मुख्य बाईंनी गद्रे सरांना विचारलं, कुणी लायक आहे का तुमच्या पाहण्यात? इंदूबाईंनी त्या जागेसाठी अर्ज केलाच होता. त्या इंटर झालेल्या होत्या. इंदुरात आल्या असत्या तर नोकरी करून बी. ए. करता आलं असतं. हातोदला कुठलं कॉलेज! हे त्यांनी सरांना पत्रात लिहिलं होतं, फार संकोचाने, दोनच ओळींत.

संध्याकाळी फिरायला जाताना सरांनी मला विचारलं. "वसंता, पागेबाईंसाठी शिफारस लिहावी म्हणतो. मेहनती आहेत. पण विज्ञानाची शिक्षिका म्हणजे निरीक्षण पक्कं हवं, आणि त्या दिशेच्या भानगडीमुळे माझं मन कचरतंय. तुला काय वाटतं?"

विचारा मला, त्या क्षणी मनात काय होतं? दया नव्हती. लाजही नव्हती. मनात एक साधा हिशोब होता. बाई इंदुरात आल्या तर दर रविवारी सरांकडे येतील. माझी वही हातात घेतील. आणि ती बाई वही वाचणारी होती — सर प्रेमाने वाचायचे, ही डोळे उघडे ठेवून वाचली असती. त्या सात थव्यांतला एक तरी तिने बोटाने दाबून विचारला असता: हा कुठून आला?

मी म्हणालो, "सर, बाई चांगल्या आहेत. पण एकदा का त्यांना एखादी गोष्ट वाटली, की त्या तीच धरून बसतात, असं मला दिसलं."

एवढंच. हे वाक्य मी विचार करून बोललो. तोंडून निसटलं नाही. आधी मनात जुळवलं, त्यात "चांगल्या आहेत" घातलं, म्हणजे ते प्रामाणिक वाटेल, आणि मग बोललो.

सरांनी शिफारस लिहिली नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढच्या फाल्गुनात सर स्वतः घाटावर गेले. मला विचारून त्याच खडकावर दहा दिवस बसले. तेव्हा मी एक काम केलं. सकाळची हातोदची बस पकडली आणि यशवंतसागरच्या पाळीपासून दूर, बाभळींच्या आडोशाला उभा राहिलो. काय बघायला गेलो होतो? माझं खोटं चुकून खरं निघतंय का ते, बहुतेक. दोनदा हात हलवत परत आलो. तिसऱ्या खेपेला, दहाच्या आत, कुरजा उठल्या. पाण्यावरून शेकड्यांनी एकदम, आणि त्यांचा तो आवाज. गोल फिरत फिरत वर चढल्या, इतक्या वर, की ठिपके झाले. मग रांगा धरल्या आणि गेल्या. शाळेचं कौलारू छप्पर मला दिसत होतं. त्यावरून, सरळ पश्चिमेला.

पाळीवर कुणी नव्हतं. एक धोबी होता, आणि दोन म्हशी. बाई येत नव्हत्या आता मोजायला. सोमवारची कार्डं मागच्या उन्हाळ्यापासूनच बंद झाली होती.

सर घाटावरून उन्हाने करपून आले. "एकही नाही रे," म्हणाले. "यंदा वारं उलटं असेल. तू नशीबवान." मी त्यांना हातोदला काय पाहिलं ते सांगितलं नाही. मला कधीच कळलं नाही की सरांना कधी शंका आली का. आली असेल तर त्यांनी ती दाखवली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा गेले. त्याच्याही पुढच्या. मग मध्यभारत संपलं, माझा तबादला भोपाळला झाला. सर कार्ड पाठवायचे दर होळीच्या आसपास: "यंदाही नाही." मी उत्तर लिहायचो, पुढच्या वर्षी नक्की दिसतील, सर. नक्की — हा शब्द मी लिहायचो. गुडघे साथ देईनात तोवर सर जात राहिले. त्यांच्या सुट्ट्या, त्यांच्या आयुष्यातले सगळे फाल्गुन त्या खडकावर गेले, मावशीच्या पडवीत बसून मी लिहिलेल्या सात थव्यांची वाट बघत. ते वारले तेव्हा मी भोपाळहून आलो होतो. सरांच्या पत्नींनी कपाटातून नकाशाची एक प्रत काढून मला दिली. "तुमचीच मेहनत ही," म्हणाल्या. मी घेतली.

इंदूबाई मला त्यानंतर एकदाच भेटल्या. दोघंही निवृत्त झालो होतो. इंदुरात भाचीच्या लग्नाला गेलो होतो, त्या मुलाकडच्या बाजूने आल्या होत्या. केस पांढरेशुभ्र. त्यांनीच मला ओळखलं.

"अहो, वसंतराव ना तुम्ही? गद्रे सरांचे नकाशेवाले?"

जेवणाची पंगत उठत होती. आम्ही मांडवाच्या कडेला दोन खुर्च्यांवर बसलो. त्यांनी सरांची चौकशी केली. वारले हे त्यांना ठाऊक नव्हतं. फार हळहळल्या. त्या शेवटपर्यंत हातोदच्याच शाळेत राहिल्या होत्या. पहिली ते पाचवी. बी. ए. राहूनच गेलं, म्हणाल्या. आईची सोय लावण्यात वर्षं गेली, मग वय गेलं. हे सगळं हसत सांगत होत्या, तक्रार म्हणून नाही.

"कुरजा बघता का अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"मी तर तेव्हाच सोडलं. आवाज येतो ना, अजूनही येतात, पण मी काही वर बघत नाही. माझी नजर काही खरी नव्हती, वसंतराव. सरांचं काम बिघडलं असतं माझ्या नजरेने. बरं झालं तुम्ही होतात घाटावर."

आम्ही अगदी जवळ बसलो होतो. आसपास कुणी आमचं ऐकत नव्हतं. सर राहिले नव्हते, माझी नोकरी संपली होती, तो नकाशा कुणाच्या लक्षातही नव्हता. मला कशाचीही भीती नव्हती. कसलीच नाही. नीट आठवून बघितलंय मी, पुन्हा पुन्हा. आणि मला एकच वाक्य बोलायचं होतं, दिवाणजीच्या वाक्यांहूनही लहान: बाई, तुमचंच बरोबर होतं.

मी म्हणालो, "असं काही नाही हो, बाई."

त्यांना वाटलं मी सभ्यपणा करतोय. त्यांनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं. मग त्यांच्या पुतणीने आवाज दिला, गाडी आलीय म्हणून. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मला नमस्कार केला आणि गेल्या.

दोन वर्षांनी कळलं की त्या गेल्या. हातोदलाच.

हे त्यांना सांगायचं होतं. तुम्हाला सांगितलं. तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही, ते मला कळतं.